टिपणीसांचा रंग

"बाबल, तू माझं तोंड काळं करतोयस!"

मुकुंदराव टिपणीस आरशातून माझ्याकडे डोळे वटारून बघत म्हणाले. गळ्यात टॉवेल खोचलेला, डाव्या गालाला रंग लागलेला आणि उजवा गाल अजून कोरा.

"मी गोरंच करतोय," मी म्हणालो. "काळं ते आधीचं आहे."

हे बोलायला नको होतं. पण वीस वर्षं रोज ज्याचं नाक आपण बोटांत धरतो, त्याच्याशी बोलताना जिभेला लगाम राहत नाही. मुकुंदरावांनी टॉवेल ओढून काढला, तो माझ्या रंगाच्या ट्रंकेवर फेकला आणि उठून उभे राहिले. उठले आणि लगेच खुर्चीची पाठ धरून डोळे मिटून घेतले.

"राग आवरतोय," ते दातओठ खात म्हणाले.

मला ते खरं वाटलं. त्या वर्षी आम्हाला सगळ्यांना नको ते खरं वाटत होतं.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. मिरजेत रविवारी सकाळी साडेदहाचा प्रयोग होता आणि संध्याकाळी पाचला सांगलीत दुसरा. नाटक होतं 'जावईबापू, मुक्काम लंडन'. नाटक हलकंफुलकं. मुकुंदराव त्यात लंडनहून आलेला जावई. पडदा उघडून दहा मिनिटं झाली की सासूबाईंचं वाक्य यायचं, "अगं बाई, जावई कसले, पिंजलेला कापूस जणू!" मग मुकुंदराव पांढऱ्या सुटात दारात उभे राहायचे आणि बायकांच्या रांगांमधून एक सुस्कारा निघायचा. वय अठ्ठेचाळीस, पण काय रूप होतं! कायस्थाचा गोरा वर्ण, घारे डोळे आणि आपण गोरे आहोत याची चोवीस तास जाणीव.

मी त्या कंपनीचा रंगभूषाकार, बाबल पेडणेकर. मूळचा सावंतवाडीकडचा. माझे वडील दशावतारी मंडळींचे चेहरे रंगवायचे, कोरड्या रंगात पाणी कालवून. मी मुंबईला आलो आणि स्पंज हातात घेतला. मापं मात्र वडिलांचीच ठेवली, बोटांची. मुकुंदरावांसाठी एक बोट पांढरा, एक बोट गुलाबी, आणि पिवळा नखाच्या टोकावर मावेल एवढा. हे माप वीस वर्षांत बदललं नव्हतं. पण गेल्या सात महिन्यांत ते एक बोट पांढऱ्यावरून तीन बोटांवर गेलं होतं.

म्हणजे माणूस काळवंडत चालला होता आणि मी त्याला रोज पुन्हा गोरा करत होतो. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. प्रयोग संपला की मुकुंदराव रंग न पुसताच हॉटेलवर जायचे आणि खोलीचं दार लावून पुसायचे. सकाळी टॉवेल डोक्यावरून ओढून, नवऱ्या मुलीसारखे मान खाली घालून रंगपटात शिरायचे. थोडंफार ज्यांच्या नजरेला पडलं होतं, त्यांच्याकडे उपायांची कमी नव्हती. घरी कुमुदवहिनींनी मसूर डाळीचं पीठ आणि साय सुरू केली होती. सासूबाईंचं काम करणाऱ्या बाईंनी पपईचा गर सुचवला होता. कोल्हापूरच्या एका चाहत्याने तर गाढविणीचं दूध पोहोचवायची तयारी दाखवली होती आणि मुकुंदरावांनी त्याला पत्ता दिला होता! माणूस काळा झाला की त्याला गोरा कसा करायचा, एवढाच प्रश्न आम्हाला पडला. काळा का झाला, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

"बस रे बाबा," ते शेवटी म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत टेकले. "लाव. पण नीट लाव. गजाभाऊंच्या खिशात त्या पुण्याच्या नटाचा फोटो आहे. काल मी पाहिला."

गजाभाऊ म्हणजे आमचे व्यवस्थापक. अंगाने आडवे, आवाजाने उभे. पुण्याचा कुणीतरी तिशीतला देखणा नट त्यांनी हेरून ठेवला होता, हे खरं होतं. मुकुंदरावांचा गोरा रंग गेला तर जावयाचं काम जाणार, आणि जावयाचं काम गेलं तर मुकुंदराव घरी बसणार. त्यांना दुसरं काहीच येत नव्हतं. साधा चहासुद्धा.

मी निमूटपणे तीन बोटं पांढरा घेतला. हातांनाही लावला. तळहातावरच्या रेषा तपकिरी झाल्या होत्या, त्या काही झाकल्या जाईनात. "प्रेक्षकांना हात दाखवू नका," मी म्हणालो. मुकुंदराव उत्तराऐवजी लोणचं खात होते. हल्ली त्यांच्या पिशवीत लिंबाच्या लोणच्याची बरणी असायची आणि ते फोडीला वरून मीठ लावून खायचे. आम्हाला हसायला तेवढंच निमित्त. "मुकुंदराव, कितवा महिना?" असं कुणीतरी विचारायचं आणि तेही पोटावर हात फिरवून लाजायचे.

मिरजेचा तो प्रयोग साधा नव्हता. मिरज हे डॉक्टरांचं गाव, आणि तिथल्या डॉक्टरांनी मिळून अख्खा प्रयोग घेतला होता. चारशे खुर्च्यांवर चारशे डॉक्टर, नाहीतर डॉक्टरांचे नवरे-बायका. खोकला आला तर चौघांनी नाडी धरावी असा प्रेक्षकवर्ग. प्रयोग रंगला. दुसऱ्या अंकात जावई सासऱ्याला सुनावायला तावातावाने सोफ्यावरून उठतो, आणि उठल्या उठल्या त्याचे डोळे फिरतात, गुडघे वळतात आणि तो पुन्हा सोफ्यावर कोसळतो. त्या जागेला प्रेक्षकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं.

ती जागा लेखकाने लिहिलेली नव्हती. तीन महिन्यांपूर्वी साताऱ्याला मुकुंदराव उठताना खरोखरच कोसळले होते, आणि प्रेक्षक इतके हसले की दिग्दर्शकाने दुसऱ्या दिवशी ते नाटकात कायमचं बसवून टाकलं. मुकुंदरावांना विचारलं तेव्हा म्हणाले, "सुचलं मला. उत्स्फूर्त." त्यांचा कोट अंगाला ढिला व्हायला लागला, तर कपडेपट सांभाळणाऱ्याने पाठीमागे चार टाचण्या मारल्या. चेहरा माझ्याकडे होता. आम्ही नाटकवाले. जे बिघडतं ते पडदा उघडायच्या आत साजरं करायचं, एवढंच आम्हाला येतं.

प्रयोगानंतर डॉक्टर मंडळी मुकुंदरावांना भेटायला आत आली. मी कोपऱ्यात ट्रंक आवरत होतो. एका मोठ्या डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

"टिपणीस, तब्येत कशी ठेवलीय हो! चेहऱ्यावर काय तेज आहे!"

मुकुंदराव हसले. मग जरा चाचरत, आवाज खाली आणून म्हणाले, "तेज ठीक आहे डॉक्टर, पण दमायला होतं. भूक नाही. मळमळतं."

मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मी तासभर खपून लावलेल्या रंगाकडे पाहिलं, असं म्हणायला हवं.

"छे छे! हा चेहरा आजारी माणसाचा नाही. दौरे कमी करा. टॉनिक लिहून देतो."

मुकुंदरावांनी माझ्याकडे पाहून एक डोळा मिचकावला. आपली कला एका डॉक्टरच्या डोळ्यांत धूळ फेकण्याइतकी पक्की आहे, या विचाराने मला गुदगुल्या झाल्या. लाज वाटते सांगायला, पण झाल्या.

मंडळी जेवायला गेली आणि तिथून परस्पर सांगलीच्या बसमध्ये बसणार होती. मला सामानाच्या टेम्पोतून जायचं होतं. मी स्पंज धूत होतो तेवढ्यात दारात एक म्हातारी बाई उभी राहिली. सत्तरीची, ठेंगणी, सुती नऊवारी, पायांत कॅनव्हासचे बूट.

"रंगवाले तुम्हीच की हो?" तिने विचारलं. "मी डॉक्टर आवटी. नातीच्या शाळेचं गॅदरिंग आहे. गेल्या साली कुणीतरी बाजारातला लाल रंग फासला आणि बारा पोरींच्या गालांवर पुरळ उठलं. कुठला रंग सोसतो, तेवढं सांगा मला."

मी सांगितलं. आधी खोबरेल, मग रंग. ओठांवर काय चालतं, डोळ्यांजवळ काय चालत नाही. त्या बाई एका चिठ्ठीवर लिहून घेत होत्या. लिहिता लिहिता त्यांची नजर माझ्या रंग कालवायच्या थाळीवर गेली.

"एवढा पांढरा? तुमच्या नाटकात भूत आहे काय? मला नाही दिसलं."

"भूत नाही. टिपणीसांना लागतो."

"ते तर गोरे आहेत."

"होते," मी म्हणालो.

हा एक शब्द निसटला आणि मी जीभ चावली. पण बाईंनी चिठ्ठी खाली ठेवली होती.

"उन्हातान्हात फिरतात काय?"

"छत्रीशिवाय बाहेर पडत नाहीत. आणि उन्हाने रापला असता तर शर्टाखाली गोरा राहिला असता ना? हे सगळीकडे आहे, पण सारखं नाही. पट्टा बांधतात तिथे कमरेला जास्त. कोपराला, बोटांच्या पेरांना जास्त."

"हं. आणखी?"

कुणी आपल्या कामाबद्दल इतक्या आस्थेने विचारलं तर आपण सुटतोच. मी सुटलो. "रंग लावणाऱ्याला खरा त्रास देतात ते वण," मी म्हणालो. "त्यांच्या भुवईवर लहानपणचा वण आहे, तो पांढराच राहिलाय. पण गेल्या दिवाळीत दाढी करताना कापलं, तो वण काळा उठलाय. दोन वण, एक पांढरा एक काळा, एकाच चेहऱ्यावर! आणि तळहाताच्या रेषा. बायकांची मेंदी उतरायला लागली की कशी रेघांतच उरते, तशा."

बाई आता खुर्चीत बसल्या होत्या. "तोंड उघडून बघितलंय कधी त्यांचं?"

"रोज बघतो. ओठ रंगवताना दातांना रंग लागू नये म्हणून ओठ ओढून धरतो मी. हिरड्यांवर डाग आहेत. टाकातून शाई शिंपडल्यासारखे."

"वजन?"

"कोटाला चार टाचण्या."

"आणि ते जे सोफ्यावर पडतात..."

मी हातातला स्पंज खाली ठेवला. बाहेर सफाईवाल्याचा झाडू खुर्च्यांमधून फिरत होता.

"पेडणेकर," त्या सावकाश म्हणाल्या, "आत्ता मी तिसऱ्या रांगेत बसून त्या पडण्यावर टाळ्या वाजवल्या. आम्ही सगळ्यांनीच वाजवल्या. चाळीस वर्षं डॉक्टरकी करते मी. रोग्याची इतकी चोख हकीकत आजवर मला कुणी सांगितली नव्हती, आणि तुम्ही ती स्पंज धुता धुता सांगितलीत. माणूस कुठाय?"

"बसमध्ये. सांगलीला."

"मी चार वाजता येते तिथं. तोवर त्यांच्या तोंडाला रंग लागू देऊ नका. मला माणूस बघायचाय, तुमचा हात नव्हे."

"काय झालंय त्यांना?"

"बघितल्याशिवाय बोलणार नाही. पण मला जे वाटतंय ते असलं, तर साध्या एका तापाचं निमित्त पुरेल. मग तुमचे टिपणीस सोफ्यावर पडतील ते उठणार नाहीत."

टेम्पोत मी ट्रंक मांडीवर घेऊन बसलो. मिरज ते सांगली रस्ता तो केवढा, पण तेवढ्यात मला सगळा हिशोब लागला. सात महिने. दर प्रयोगाला थोडा थोडा पांढरा वाढवत होतो मी. आजार जेवढा पुढे सरकला, तेवढं माझं बोट रंगाच्या डबीत खोल गेलं. मुकुंदरावांना काळं मी केलं नव्हतं. त्यापेक्षा वाईट केलं होतं.

सांगलीच्या रंगपटाला पश्चिमेकडे मोठी खिडकी होती. चारला दहा कमी असताना मुकुंदराव हॉटेलच्या खोलीत सकाळचा रंग पुसून, टॉवेलाचा पदर सावरत आले, दार लावलं आणि खुर्चीत बसले. मी ट्रंकेवर बसून राहिलो.

"चल, लाव."

"आज नाही."

"म्हणजे?"

"रंग लावणार नाही. चार वाजता एक डॉक्टर येतायत तुम्हाला बघायला. कोऱ्या चेहऱ्याने."

क्षणभर त्यांना कळलंच नाही. मग टॉवेल बाजूला करून ते माझ्याकडे बघत राहिले. खिडकीचा उजेड सरळ त्यांच्या तोंडावर पडला होता. रोज बल्बांच्या पिवळ्या प्रकाशात बघायची सवय मला. त्या उजेडात मी पहिल्यांदाच त्यांचा खरा चेहरा पाहिला. रंग नुसता काळा नव्हता. धुरकट होता, आणि त्याच्या आत माणूस सुकत चालला होता.

"कुणाला सांगितलंस तू?" त्यांचा आवाज चिरका झाला. "सांग, कुणाला सांगितलंस? ऊठ त्या ट्रंकेवरून!"

"उठणार नाही."

"गजाभाऊ!"

गजाभाऊ धावत आत आले आणि मुकुंदरावांना बघून दारातच थबकले. तेही पहिल्यांदाच बघत होते. पण व्यवस्थापकाला आधी घड्याळ दिसतं.

"काय चाललंय हे? हाऊसफुल्ल हाय! बाबल, लाव की रंग! येडा झालास काय?"

"मी लावूचंय नाय," मी म्हणालो. मी चिडलो की मालवणीवर जातो. "कोणाक बोलवचा ता बोलवा."

"मग मीच लावतो!" गजाभाऊ गरजले. टेबलावर सासूबाईंची पावडर आणि कुठलासा गुलाबी डबा पडला होता. त्यांनी बाह्या सरसावल्या, डबा उघडला आणि भिंतीला चुना लावतात तसं मुकुंदरावांच्या तोंडाला फासायला घेतलं. नाकावर जास्त, कानांना अजिबात नाही. वरून पावडरचा असा काही मारा केला की तिघेही शिंकलो. मग त्यांनी दोन पावलं मागे जाऊन आपलं काम बघितलं. आरशात पिठाच्या डब्यात पडलेला एक माणूस बसला होता.

मुकुंदरावांनी आरशात बघितलं, आणि ते हसायला लागले. आधी बारीक, मग खदखदून. आम्हीही हसायला लागलो. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गजाभाऊंच्या चुन्यातून दोन काळे ओघळ खाली गेले. ते पाणी हसण्याचं राहिलं नव्हतं.

"बाबल," ते म्हणाले, "मला ठाऊक आहे रे काय झालंय ते. महारोग झालाय. म्हणून कुणाला दाखवलं नाही. कुमुदलासुद्धा नाही. माझी वाटी-चमचा वेगळा करायला मी सुरुवात केली, तर ती म्हणाली, नाटकात लंडनचे जावई झाल्यापासून तुमचे नखरे वाढलेत."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. या माणसाला मी गर्विष्ठ समजत होतो. सात महिने तो घाबरून दार लावून बसत होता.

दारावर टकटक झाली आणि कॅनव्हासचे बूट आत आले. मुकुंदरावांनी झटकन टॉवेल तोंडावर ओढला.

"बाहेर व्हा बाई! इथे पुरुष कपडे बदलतायत!"

"बदला की," डॉक्टर आवटी म्हणाल्या. "एवढंच सांगा, ही लोणच्याची बरणी कुणाची?"

"माझी. का?"

"मीठ वरून घेता?"

"घेतो. मीठच खावंसं वाटतं. एकदा हॉटेलात मिठाची बशी चाटून पुसून खाल्ली." टॉवेलाच्या आतून आवाज आला.

"आणि उठलात की डोळ्यांपुढे अंधारी?"

"अहो, तो तर आमचा सगळ्यात मोठा लाफ!" गजाभाऊ मधेच बोलले, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना उमगलं. ते पडेल चेहऱ्याने कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले.

बाईंनी मुकुंदरावांच्या तोंडावरचा टॉवेल हळूच काढला, गजाभाऊंची कारागिरी बघून भुवया उंचावल्या, आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी खोबरेल आणि कापूस दिला. "तुम्हीच पुसा," त्या म्हणाल्या. मी पुसलं. त्या दिवशी मी जितकं जपून पुसलं, तितकं जपून कधी लावलंही नव्हतं. मग त्यांनी खिडकीपाशी नेऊन दोन्ही तळहात बघितले, ओठ वर करून हिरड्या बघितल्या, दोन्ही वण बघितले. टोचून, चिमटे घेऊन ठिकठिकाणी विचारलं, "लागतंय?" आणि दर वेळी मुकुंदराव "आई गं" म्हणाले. बाकावर आडवं करून रक्तदाब घेतला. लगेच उभं करून पुन्हा घेतला, आणि पारा खाली जाताना बघून त्यांनी मुकुंदरावांना दंडाला धरून बसवलं.

"महारोगाची भीती असेल तर तो नाही, त्यात कातडी बधिर होते," त्या म्हणाल्या. "आणि असता, तरी औषधाने बरा होतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. हे निराळं आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ग्रंथी असतात, सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या. त्या तुमच्या संपावर गेल्यात. अंगातलं मीठ निसटतं, जोर जातो, कातडी काळी पडते. रक्त तपासल्याशिवाय मी शपथ घेणार नाही, पण बहुतेक तेच. गोळ्या आहेत त्यावर. जन्मभर घ्याव्या लागतील, पण माणूस उभा राहतो."

"प्रयोग झाला की लगेच येतो," मुकुंदराव म्हणाले.

"आत्ता. सलाईन लावायचंय. माझी गाडी खाली उभी आहे."

"बाई, हाऊसफुल्ल आहे!"

"टिपणीस, तुमचा रक्तदाब इतका खाली आहे की तुम्ही आत्ता आडवे असायला हवं, आणि तुम्ही भांडताय. दुसऱ्या अंकात तुम्ही कोसळणार आणि आठशे माणसं हसणार. कुणी उचलायलाही येणार नाही."

गजाभाऊंनी खिशातून तो पुण्याच्या नटाचा फोटो काढला, दोन तुकडे केले आणि म्हणाले, "बरे होऊन या. जावई तुमचाच. मी जाऊन प्रयोग रद्द म्हणून सांगतो."

"नाही," मुकुंदराव उठता उठता म्हणाले. "माझ्यासाठी आलेत लोक. मी सांगणार."

"मग थांबा," मी म्हणालो आणि सवयीने ट्रंकेचं झाकण उघडलं. "दोन मिनिटांत नुसता हात फिरवतो."

त्यांनी झाकणावर हात ठेवून ते बंद केलं.

डॉक्टर आवटी विंगेत स्टूल घेऊन उभ्या राहिल्या, मी त्यांच्या शेजारी. पडदा बंदच होता. मुकुंदराव त्यातून वाट काढत पुढे गेले. घरचा ढगळ सदरा, लेंगा, डोक्यावर विस्कटलेले केस आणि कोरा, काळवंडलेला चेहरा. प्रकाश पडला. नाट्यगृहात कुजबुज सुरूच राहिली. कुणी टाळी वाजवली नाही.

"मंडळी, आजचा प्रयोग होऊ शकत नाही," ते म्हणाले.

"ओ, पडदेवाले!" मागून एक गडी ओरडला. "तुम्ही आत व्हा, टिपणीसांना पाठवा! त्यांनी येऊन सांगावं!"

हशा झाला. पुढच्या रांगांतून आणखी आवाज उठले, "टिपणीस! टिपणीस!" मुकुंदराव उभे होते. पाय थरथरत होते, मला विंगेतून दिसत होतं. डॉक्टरबाईंनी एक पाऊल पुढे टाकलं. मुकुंदरावांनी हात मागे करून त्यांना थांबवलं आणि ओरडणं ओसरेपर्यंत वाट बघितली.

"मीच मुकुंद टिपणीस," ते म्हणाले. आवाज मात्र तोच होता, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. माणसं ओळखतात ती आवाजाने. एका क्षणात सगळं नाट्यगृह चिडीचूप झालं. "मी आजारी आहे. सात महिने आजारी आहे, आणि तुम्हाला कुणालाच ते दिसलं नाही. त्यात तुमची चूक नाही. आमच्या बाबल पेडणेकरचा हात फार चांगला आहे."

आधी कुणीतरी एकट्याने टाळी वाजवली. मग सगळे उठून उभे राहिले. आठशे माणसं माझ्या नावाने टाळ्या वाजवत होती. चाळीस वर्षं मी या धंद्यात काढली. रंगवाल्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही, आणि मलाही तशी कधी अपेक्षा नव्हती. त्या टाळ्या वाजत राहिल्या आणि मी विंगेत कापडाचा बोळा तोंडात कोंबून लहान पोरासारखा रडलो.

मुकुंदराव आत आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, आधाराला, आणि आम्ही तिघं मागच्या जिन्याने सावकाश खाली उतरलो. पुढे ते एकोणीस वर्षं जगले, गोळ्या खात आणि माझ्याशी भांडत. खाली डॉक्टरबाईंची जुनी फियाट उभी होती. मी त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी मिरजेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.